बारा कॅनवरचा लाल शेरा

एकतीस वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांची लघवी मोजली. लेखाची सुरुवात अशी केल्याबद्दल संपादकांनी मला माफ करावं. ते फोनवर म्हणाले होते, "बाई, तुमच्या कामातलं काहीतरी हलकंफुलकं द्या, दिवाळी आहे." हलकंफुलकं माझ्याकडे भरपूर आहे. लोक लाजतात, डबे लपवतात, कुणी आपल्याऐवजी भावाचा नमुना देऊन मोकळा होतो. एवढ्या वर्षांत गमती साठणारच. पण लिहायला बसले की हात एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतो, आणि ती आठवली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा ज्यांना फराळासोबत गोड काही वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

आधी काम काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या जावेलाही ते निवृत्तीपर्यंत कळलं नव्हतं. तिला वाटायचं मी साखर तपासते.

माणूस काय खातो, हे त्याला विचारून कळत नाही. परवा दुपारी तुम्ही किती भाकरी खाल्ल्या, आठवा बरं. नाही आठवत. आणि आठवलं तरी समोर वही-पेन घेऊन बाई बसली की माणूस थोडं बदलून सांगतो. जाड माणूस कमी सांगतो, गरीब माणूस जास्त सांगतो. डॉक्टरची बायको तेल सांगत नाही. म्हणून आमच्या कामात शरीरालाच विचारतात. खाल्लेल्या मिठातलं बहुतेक सगळं दिवसभरात लघवीतून बाहेर पडतं. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांचा नायट्रोजनही बराचसा तिथेच उतरतो. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये गोळा केली, ती नीट हलवून त्यातला थोडा नमुना ॲसिडमध्ये उकळला आणि हिशेब मांडला, की त्या माणसानं प्रथिनं किती खाल्ली ते समोर येतं. अट एकच: चोवीस तासांतला एकही थेंब बाहेर जाता कामा नये.

हे मी एका संशोधन संस्थेच्या सोलापुरातल्या केंद्रात करत होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्या साहेबांविषयी पुढे लिहिणार आहे त्यांचंही लिहीत नाही. माझा राग त्यांच्या नावावर नाही, कामावर आहे.

सुरुवातीच्या वर्षांतली एक गंमत सांगते, कारण माझी चूक तिथूनच सुरू झाली. शहराच्या पूर्व भागात एक निवृत्त विणकर होते, मल्लेशम तात्या. रक्तदाब वाढलेला. रक्तदाबाच्या रुग्णांच्या मिठाची तपासणी चालली होती, त्यात ते आले. मीठ किती खाता विचारलं तर दोन्ही हात हलवून तेलुगूत म्हणाले, "उप्पु लेदम्मा! मीठ बंद म्हणजे बंद. वर्ष झालं." त्यांचा कॅन तपासला तर त्यात मीठच मीठ. मी पुन्हा कॅन दिला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला नेमकी जेवणाच्या वेळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. तात्या पाटावर बसलेले, ताटात ज्वारीची भाकरी आणि शेजारी वाटीभर शेंगाची चटणी. प्रत्येक घास त्या चटणीत दाबून तोंडात.

"तात्या, हे काय?"

"चटणी आहे की."

"त्यात मीठ नाही?"

तात्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मीठ वेगळं, चटणी वेगळी," ते म्हणाले. आत त्यांची बायको एवढी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

मीही हसले. केंद्रात परत येऊन सगळ्यांना साभिनय सांगितलं. आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली: माणसाचं बोलणं आणि कॅनमधलं माप जुळलं नाही, तर माणूस खोटा. पुढे कितीतरी वर्षं मी हे नव्या मुलींना शिकवलं. छाती पुढे काढून शिकवलं.

निवृत्तीच्या पाचेक वर्षं आधी आमच्याकडे एक मोठा प्रकल्प आला. जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागातली काही गावं निवडली होती. तिथल्या तरुण बायकांच्या जेवणात प्रथिनं पुरेशी आहेत का, हे बघायचं होतं. एक देणगीदार संस्था त्या गावांत बायकांना रोज एक अंडं आणि शेंगदाण्याची चिक्की देत होती. सहा महिने वाटप झालं होतं, मग मोजणीसाठी थांबवलं होतं. आमच्या अहवालात कमतरता दिसली तर ते कायमचं सुरू होणार होतं. म्हणजे आमच्या कॅनवर त्या बायकांची अंडी ठरणार होती. हे तेव्हा आम्हाला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही.

सांगोल्याकडच्या एका गावात मी आणि नसरीन गेलो. नसरीन आमची फिल्डवर्कर. सोलापुरातच वाढलेली, प्रश्नावली भरायचं काम तिचं, कॅन आणि रक्ताचे नमुने माझ्याकडे. गावाबाहेरच्या वस्तीवर मेंढरं राखणारी काही घरं होती. त्यातल्या एका घरात शेवंता भेटली. वय पंचविशीच्या आत-बाहेर, तीन वर्षांची मुलगी कडेवर, सासू दारात दोरी वळत बसलेली.

नसरीननं छापील प्रश्न वाचायला सुरुवात केली. "घरात दूध असतं?"

"हाय की. दोन शेरडं, एक गाय."

"अंडी?"

"व्हय. धा-बारा कोंबड्या हायत."

"डाळ?"

"रोज कालवण व्हतंय की."

"मटण?"

"म्हैन्यातनं एकांदा तर हुतंच."

नसरीननं सगळीकडे 'होय' लिहिलं. कागदावर ते घर जिल्ह्यातल्या उत्तम घरांत बसत होतं. मग मी शेवंताला कॅन दिला, लघवी टिकावी म्हणून तळाशी बोरिकची पूड घातलेला, सोबत एक मग आणि कापडी पिशवी. उद्या सकाळी उठल्यावरची पहिली टाकायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची ह्यात, परवा सकाळची पहिली धरून. शेतात गेलीस तरी पिशवी सोबत. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, "मान्सांत नेऊ कशी ओ?" मी म्हटलं, वर पदर टाक. ते सांगायला मला काय जात होतं!

तिसऱ्या दिवशी वस्तीवरचे आणि गावातले कॅन जमा करून आम्ही सोलापूरला आलो. शेवंताच्या कॅनमधला नायट्रोजन मी दोनदा काढला. ती सांगत होती त्याच्या निम्माही नव्हता. आणि तशा त्या एका गावात बारा बायका निघाल्या.

आता एक शब्द समजावून सांगावा लागेल, क्रिएटिनिन. किडनीच्या रिपोर्टवर तुम्ही तो वाचला असेल. आपले स्नायू रोज थोडे झिजतात, त्यातून हा पदार्थ तयार होतो आणि लघवीतून जातो. एका माणसाचा रोजचा आकडा साधारण तेवढाच राहतो. म्हणून कॅनमध्ये क्रिएटिनिन कमी दिसलं, की समजायचं काही लघवी बाहेर गेली, कॅन अपुरा आहे. आमच्या साहेबांनी पुस्तकातून एक आकडा घेतला होता. त्याच्याखाली जो कॅन येईल त्यावर लाल पेनानं शेरा मारायचा: 'अपूर्ण'. तो कॅन मोजणीतून बाद.

त्या बाराही बायकांचं क्रिएटिनिन आकड्याच्या खाली होतं. बाराही कॅनवर लाल शेरे पडले. ते शेरे मी मारले. सही माझी आहे.

एवढे कॅन एकाच गावात बाद झाले म्हणून साहेब चिडले. "जाऊन विचारा. बायका सांडतात आणि आपल्याला फसवतात."

मी गेले. जीपमधून उतरले तेव्हा शेवंता हापशावर होती, आणखी सात-आठ बायका होत्या. बाजूला घेऊन विचारायचं भान मला राहिलं नाही. की ठेवलं नाही? खरं लिहायचं तर ठेवलं नाही. बाकीच्यांनाही धाक बसेल असं मला वाटलं.

"शेवंता, कॅन पूर्ण भरला होतास का?"

"व्हय."

"मग कमी कशी भरली? शेतात सांडलीस?"

"न्हाय बाई. येक थेंब सांडला न्हाय."

"मशीन खोटं बोलत नाही, शेवंता. माणसं बोलतात. तुझ्यामुळं सगळ्या गावाची मोजणी बिघडेल, कळतंय का?"

बायकांनी कळश्या खाली ठेवल्या होत्या. तिची सासू घरातून तिथवर आली होती. ती सुनेला म्हणाली, "खरं काय ते सांगून टाक की गं. लाज आणलीस."

शेवंतानं एकदा सासूकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सांडली आसंल."

मी वहीत लिहिलं: 'सहभागी महिलेने सांडल्याचे मान्य केले.' लिहिताना मला समाधान वाटलं होतं. तात्यांच्या चटणीच्या वेळी वाटलं होतं, अगदी तसं.

नसरीन सोबत आली होती, परतताना जीपमध्ये ती माझ्या शेजारी होती. मोहोळच्या पुढे आल्यावर म्हणाली, "बाई, वो झूट नै बोली."

"मग कॅन खोटा?"

"वो बी नै."

मी तिला झापलं. दोन्ही खरं कसं असेल म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आप एक दिन उनके घर में बैठो. सिर्फ बैठो, कुछ पूछो मत."

रागाच्या भरात 'बसते' म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात खरंच गेले. रक्ताचे काही नमुने राहिले होते, ते निमित्त होतं. शेवंताच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. माझ्याकडचा पट्टा मोठ्या माणसांचा, तो तिच्या दंडाला तीन वेढे बसला. शेवटी लहान मुलांचा काढला. तो बांधताना मी थांबले. स्नायू झिजून क्रिएटिनिन तयार होतं, हे मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवत होते. आणि ह्या दंडावर स्नायू होता कुठे? ज्या बाईच्या अंगावर मांसच नाही तिचं क्रिएटिनिन पुस्तकातल्या बाईइतकं येणार कसं? कॅन पूर्ण भरला तरी आकडा खालीच राहणार.

मी सुई बाजूला ठेवली. त्या दिवशी रक्त घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या घरात बसून राहिले.

गाईचं दूध डेअरीवर गेलं. शेरडांचं चहात, आणि उरलेलं पोरीला. सासूनं अंडी भुशाच्या पाटीत रचली, उद्याच्या बाजारासाठी. कालवण खरंच झालं, तुरीच्या डाळीचं, मोठ्या पातेल्यात. आधी सासरा आणि नवरा जेवले, मग दीर, मग सासू आणि पोरगी. शेवटी शेवंता बसली. पातेल्यात तिखट पिवळं पाणी उरलं होतं. त्यात तिनं दीड भाकरी चुरली, वर मिरचीचा ठेचा घेतला आणि भराभर जेवली. कुणी तिच्यावर डोळे वटारले नव्हते, कुणी नको म्हटलं नव्हतं. घरातलं सगळ्यात दमलेलं माणूस सगळ्यात शेवटी बसत होतं, एवढंच. आणि हे रोजचं होतं.

"मटण होतं तेव्हा?" मी विचारलं.

"रस्सा ऱ्हातुय की," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

सासू म्हणाली, "आमी काय येगळं खाल्लं व्हय बाई? मीबी असंच खाल्लं."

नसरीनचे सगळे प्रश्न 'घरात' काय असतं याबद्दल होते. शेवंतानं घरातलं सांगितलं होतं. तिच्या ताटातलं आम्ही विचारलंच नव्हतं. तिचं बोलणं खरं, तिचा कॅन खरा. खोटा होता माझा लाल शेरा.

सोलापूरला आल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कॅन पूर्ण भरला की नाही हे बघायची दुसरी रीत आहे. पाबा नावाची एक साधी गोळी असते. दिवसातून तीनदा जेवणाबरोबर घ्यायची. ती अंगात राहत नाही, जवळजवळ सगळी लघवीतून बाहेर येते. कॅनमध्ये ती सापडली की कॅन पूर्ण. बाई जाड असो की काडी असो, फरक पडत नाही. अडचण एकच, त्या दिवशी अंगदुखीची गोळी घ्यायची नाही, तिनं आमच्या तपासणीत घोटाळा होतो.

साहेब म्हणाले, "प्रकल्पाच्या आराखड्यात हे नाही." मी हट्टच धरला. शेवटी कटकट मिटावी म्हणून त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली. "त्या बारा बायका. तुमच्या सुट्टीच्या दिवशी. आणि परत माझ्याकडे यायचं नाही."

पहिली गेले ती शेवंताकडे. तिनं मला दारातच विचारलं, "परत कशाला?"

मी गोळी दाखवली, समजावलं. तिनं गोळी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली. "म्हंजे मी सांडली न्हवती हे ह्येनं कळंल?"

"कळेल."

"मग द्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅन घ्यायला गेले तर तिचा उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. दाढ ठणकत होती, दोन दिवस झाले होते. गावातल्या दुकानात दुखीची गोळी मिळते, एरवी ती घेतच असे. "तुमी नगं म्हनला हुता न्हवं," ती म्हणाली. दाढेत लवंग धरून ती दिवसभर खुरपायला गेली होती, पिशवीतला कॅन पदराखाली घेऊन. त्या कॅनचं वजन अजून माझ्या हाताला आठवतं. मी तिला माझ्या पर्समधली गोळी दिली आणि मान वर न करता जीपमध्ये बसले.

बारापैकी अकरा कॅन पूर्ण निघाले. एका बाईनं गोळीच घेतली नव्हती, तसं तिनं स्वतः सांगितलं. अकरांचा नायट्रोजन पुन्हा तेवढाच कमी. शेवंताचा सगळ्यांत कमी.

सगळं एका पानावर लिहून मी साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. माणूस हुशार होता, त्यांना एका मिनिटात कळलं. मला आजही राग येतो तो ह्याचाच. न कळलेल्या माणसावर मी रागावले नसते.

"काम चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण अहवाल तयार आहे."

"साहेब, ज्या बायका सगळ्यांत कमी खातात, त्याच आपण गाळल्यात. खालची टोकं छाटली की सरासरी वर जाणारच. बाकीच्या गावांतही हेच झालं असणार."

"असेल. पण ही वेगळी पद्धत झाली. अर्ध्या लोकांना एक नियम आणि अर्ध्यांना दुसरा लावला, तर उद्या तपासणारे आपल्यालाच विचारतील."

"मग सगळ्यांनाच दुसरा लावू."

"बाई, नियम म्हणजे नियम."

"त्या नियमानं बाई जेवढी उपाशी तेवढी मोजणीतून बाहेर! असला कसला नियम?" माझा आवाज चढला होता. बाहेरचा शिपाई दार उघडून बघून गेला.

साहेबांनी माझं पान घडी करून फाईलमध्ये ठेवलं. "मी तळटीप टाकतो," म्हणाले. तळटीप आली नाही. अहवालात त्या भागातल्या बायकांच्या आहारात प्रथिनं 'समाधानकारक' असल्याचं छापलं गेलं. अंडी आणि चिक्की पुन्हा सुरू झाली नाहीत.

मी काय केलं? वरती एक पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं नाही. तुम्ही विचाराल, नोकरीची भीती होती का? नोकरी जाणार नव्हती. फार तर मला प्रयोगशाळेतून काढून भांडार विभागात बसवलं असतं. पण मला ती प्रयोगशाळा फार आवडायची. सकाळी खिडकीतून येणारं ऊन, काचेच्या नळ्या, नमुना उकळून स्वच्छ पाण्यासारखा होतो तो क्षण. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. हे मी घरातही कधी बोलले नव्हते. साहेबांवर रागावणं सोपं आहे, आणि ते मी मनापासून करते. पण त्या रागाचा मोठा हिस्सा माझ्याकडेच परत येतो.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि 'अचूकतेचा ध्यास' असं काहीतरी भाषण झालं. घरी येऊन शाल कपाटात टाकली आणि दुसऱ्या दिवशी नसरीनला फोन केला. "शेवंताकडे जायचंय. येतेस?" ती म्हणाली, "इत्ते साल लगे आपको?" आणि आली.

आता जीप नव्हती. एसटीनं सांगोला, तिथून वडापच्या गाडीनं गाव. शेवंता अंगणात मका सोलत बसली होती. मी ओळखलं, पण ओळखायला वेळ लागला. उजवीकडच्या दोन दाढा गेल्या होत्या, गाल आत गेला होता. तिनं मला लगेच ओळखलं. उठली नाही.

"आता काय मोजायला आला?" तिनं विचारलं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पहिला कॅन पूर्ण होता. दुसराही पूर्ण होता. तू एक थेंब सांडला नव्हतास. चूक माझी होती, आणि चूक कळल्यावर मी तुला येऊन सांगितलं नाही, ही दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी.

ती मका सोलायची थांबली होती. "मला बी वाटाय लागलं हुतं," ती म्हणाली, "सांडलीच आसंल म्हणून. कवा सांडली ते आटवत बसायची."

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. अंडी पुन्हा सुरू झाली नाहीत तेव्हा गावात कुणीतरी सांगितलं, बायकांनी डबे नीट भरले नाहीत म्हणून रिपोर्ट बिघडला. आणि हापशावर मी कुणाला झापलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. शेवंताच्या लघवीपायी गावाची अंडी गेली, असं बायका म्हणायला लागल्या. हापशावर, कामावर, लग्नाच्या मांडवात. तिच्या मुलीला शाळेत त्यावरून चिडवलं. सासू मरताना तेवढं एक बोलून गेली, "तवा खरं सांगितलं असतंस तर." इतकी वर्षं. माझ्या एका वाक्यामुळे.

नसरीन रडत होती. मला रडू आलं नाही.

"मी काय करू सांग," मी म्हटलं.

शेवंता उठली, अंगावरचे मक्याचे केस झटकले. "चला. जे हितं सांगितलं ते तितं सांगा."

ती मला पिठाच्या गिरणीत घेऊन गेली. बाजाराचा आदला दिवस, गिरणीत दहा-पंधरा बायका डबे लावून बसल्या होत्या. पट्ट्याचा आवाज एवढा की काही ऐकू येईना. शेवंतानं गिरणीवाल्याला हातानं खूण केली. "दादा, वाईच बंद करा. ह्या बाईस्नी बोलायचंय." त्यानं मोटर बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला.

मी एकतीस वर्षं कागदावर लिहीत आले. चार माणसांसमोर बोलायची सवय नाही. पण बोलले. माझं नाव सांगितलं, काम सांगितलं. शेवंतानं काही सांडलं नव्हतं, माझी मोजायची रीत चुकली होती, मी तिला सर्वांसमोर खोटं पाडलं आणि खरं कळल्यावर गप्प राहिले. तिच्यासारख्या आणखी अकरा जणी इथेच होत्या, त्यांनाही आम्ही गाळलं. अंडी गेली ती आमच्या अहवालामुळे. हिच्यामुळे नाही.

कोपऱ्यातली एक वयस्क बाई, पारूबाई, तिला मी त्या दिवशी हापशावर पाहिलं होतं, ती म्हणाली, "म्हंजे आमी हिला उगंच बोललो व्हय?"

"व्हय," शेवंता म्हणाली. "उगंच बोलला."

 एकजण डब्याच्या झाकणावरचं पीठ बोटानं पुसत राहिली. पारूबाई पुढे झाली, तिनं शेवंताचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. शेवंतानं तो सोडवून घेतला नाही, पण तिचं लक्ष माझ्याकडेच होतं.

"बाई," ती म्हणाली, "येक इचारू? आमी बाया कमी खातो म्हणून कुटल्या कागदावर लिवलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "छापलेलं कुठेच नाही."

"मग लिवा की. तुमाला लिवता येतं न्हवं?"